नाळेचे खापर

आपल्या मराठीला ‘नाळ’ या शब्दाचे भारी वेड आहे. पुढाऱ्याची नाळ मातीशी जोडलेली असते, साहित्यिकाची परंपरेशी. आणि मुंबईत चाळीस वर्षे काढलेला गृहस्थसुद्धा आपली नाळ कोणत्या खेड्यात पुरली आहे ते छाती पुढे काढून सांगतो. निवडणुकीच्या दिवसांत तर या नाळेला इतकी ओढाताण सोसावी लागते की ती खरी असती तर केव्हाच तुटली असती. खऱ्या नाळेकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. ती बांधतात, कापतात, आणि वारेबरोबर परसात पुरतात किंवा दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत टाकून मोकळे होतात. तिची आठवण होते ती एकाच प्रसंगी. नऊ महिने पोटात वाढलेले मूल मेलेले जन्मले, की घरातली वडीलधारी माणसे एकदम नाळेविषयी बोलू लागतात, आणि बोलता बोलता त्या नाळेचे खापर सुनेच्या माथ्यावर फुटते. माझे भांडण आहे ते या खापराशी.

असला विषय दिवाळी अंकात नको, फराळाच्या ताटाशेजारी कोण वाचील, असे मला दोघा-तिघांनी बजावले. मला ते पटले नाही. आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते, म्हणजे गाय आणि तिचे वासरू यांच्या पूजेने. ज्या सणाचा पहिला दिवसच आई आणि तिचे पिल्लू यांचा, त्या सणात आईचे पिल्लू का गेले हे विचारणे अभद्र कसे ठरते? शिवाय हा अंक सासू वाचते, सून वाचते, वन्स वाचते, क्वचित नवरासुद्धा वाचतो. डॉक्टरांच्या नियतकालिकांत या विषयावर पुष्कळ छापून येते. पण “तू ग्रहणात विळी धरलीस” असे सुनेला म्हणणारी माणसे ती नियतकालिके वाचत नाहीत.

माझे गाव गोरेगाव. लोकलगाडीचे गोरेगाव नव्हे. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आमचे एक गोरेगाव आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा आम्ही हिंगोलीकर झालो. बाहेरच्या महाराष्ट्राला आमचे गाव ठाऊक झाले ते २०२३ च्या नोव्हेंबरात, कर्ज फिटत नाही म्हणून इथल्या काही शेतकऱ्यांनी आपले अवयव विक्रीला काढले तेव्हा. मूत्रपिंडाला अमुक, यकृताला तमुक असे दर त्यांनी लावले होते. ती बातमी वाचताना माझ्या मनात एक विचित्र विचार आला. वार हाही एक अवयवच आहे. नऊ महिन्यांपुरता का होईना, मुलाचे फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतडे यांचे काम तोच करतो. पण त्याला दरही नाही आणि त्याच्याकडे पाहायला कोणाला क्षणाची सवडही नाही.

आता गोष्ट सांगते ती २०२२ च्या दिवाळीची. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्या दिवशी अमावास्येला खंडग्रास सूर्यग्रहण आले. सूर्य ग्रासलेलाच मावळला. आमच्या आळीतली एक सून तेव्हा पहिलटकरीण होती, सातवा महिना सरला होता. त्या दुपारी तिने होणाऱ्या बाळाच्या कुंचीला गोट लावला आणि दोरा कात्रीने तोडला. ग्रहण लागायला अजून चार तास होते; पण वेध लागले होते ना! जावेने ते पाहिले. पुढे मार्गशीर्ष लागता लागता पोटातल्या बाळाची हालचाल कमी झाली. पोरीने सांगितले. “दिवस भरत आले की लेकरू शांत होतं माय,” असे तिला उत्तर मिळाले. दोन दिवसांनी तालुक्याच्या पलीकडच्या एका दवाखान्यात नेले, तेव्हा बाळाचे ठोके थांबले होते. मूल मेलेले जन्मले. मुलगा होता, म्हणून रडणे दुप्पट झाले, हेही सांगून टाकते.

त्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण हट्टी निघाली. तिने नाळ आणि वार टाकू दिली नाही. औषधात घालून मोठ्या शहरात तपासायला धाडली. दोन आठवड्यांनी इंग्रजीतला कागद आला: नाळेला नेहमीपेक्षा फार पीळ होता, आणि तिच्यातल्या नीलेत रक्ताची गुठळी झाली होती. परंतु आळीचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता. कुंची, कात्री, ग्रहण. शिवाय पुरवणी आरोप असा की ती हात उंच करून दोरीवर धुणे वाळत घालीत असे, त्याने नाळ गुंतली. तो कागद ट्रंकेत गेला. मी तो मागून घेतला आणि तिच्या सासूला मराठीत समजावून सांगितला. सासू शांतपणे म्हणाली, “गुठळी झाली म्हनता, मावशी. पन ती झाली कशानं?”

हा प्रश्न अडाण्याचा नाही. १८५६ साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने हाच प्रश्न घेऊन ग्रंथ लिहिला आणि आजही जगभरचे डॉक्टर त्याच दिशेने उत्तर शोधतात. रक्त गोठते ते साधारण तीन कारणांनी: वाहणे मंदावले, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली, किंवा रक्तच गोठण्याकडे अधिक झुकले. नदीचे उदाहरण घ्यायचे तर कयाधूला पाणी असते तोवर तिच्यात शेवाळ धरत नाही. डबकी झाली की धरते. नाळेत तीन वाटा असतात. एक नीला, ती वारेकडून बाळाकडे शुद्ध रक्त नेते. आणि दोन रोहिण्या, त्या बाळाकडून वारेकडे वापरलेले रक्त परत आणतात. शरीरात इतरत्र रोहिणीत शुद्ध आणि नीलेत अशुद्ध असा जो धडा आपण शाळेत पाठ केला, तो इथे नेमका उलटतो. या तिघींच्या भोवती लिबलिबीत मऊ गादी असते. थॉमस व्हॉर्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. पूर्ण दिवसांची नाळ सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे साधारण बाळाच्याच उंचीची. तिला दोरखंडासारखा पीळ असतो, आणि तो असावाच लागतो. पिळामुळे ती सहजी दबत नाही. पण पीळ फार झाला, खरोखरीची गाठ बसली, ती आवळली गेली, किंवा नाळ वारेच्या मध्यावर न चिकटता पार काठावर अगर नुसत्या पडद्यावर चिकटली, तर प्रवाह अडखळतो आणि गुठळीला जागा मिळते. आईचा मधुमेह, गर्भाशयातला जंतुसंसर्ग, रक्त लवकर गोठण्याची उपजत खोड, हीही कारणे सापडतात. कधी कधी एकही सापडत नाही.

हे फार विरळा घडते. १९८८ मध्ये अशा ५२ प्रकरणांची छाननी प्रसिद्ध झाली, तीत तेराशे बाळंतपणांमागे सुमारे एक असे प्रमाण दिले आहे. बहुतेक गुठळ्या नीलेत होतात. रोहिणीत झालेली मात्र अधिक घातक.

आता कात्रीकडे वळू. नाळेला पीळ पडतो तो गर्भ तीन महिन्यांचाही नसतो तेव्हा. म्हणजे आमच्या या पोरीच्या बाळाच्या नाळेला पीळ पडला तो मृगाच्या आसपास. दिवाळीच्या अमावास्येला तिने दोरा तोडला. जेठातल्या पिळाला आश्विनातली कात्री कारण कशी झाली, हे मला पंचांगवाल्यांनी समजावून द्यावे. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात लाखो बायका गरोदर होत्या. त्यांतल्या किती जणींनी भाजी चिरली, भाकरी थापली, उसवलेले शिवले याची मोजदाद नाही. पण दिवाळीच्या पाडव्याची आदली संध्याकाळ होती, तेव्हा घरोघरी स्वयंपाकघर बंद होते असे कोणी मला सांगू नये. ग्रहणाने नाळेत रक्त गोठत असते तर पुढल्या महिन्यात राज्यात हाहाकार उडाला असता.

हात उंच करण्याचा आरोप तर त्याहून मजेदार. नाळेचे एक टोक बाळाच्या बेंबीला आणि दुसरे वारेला. आईच्या खांद्याशी तिचा काडीचा संबंध नाही. ती पाण्यात तरंगत असते, बाळ तिच्याशी खेळते, कोलांट्या घेते आणि त्या भरात तिच्यात गुंततेही. पण आमच्याकडचा न्याय पाहा. धुणे वाळत घालायला हात वर केले तर नाळ गुंतते. पाण्याचा हंडा उचलून डोक्यावर घ्यायला हात वर केले तर गुंतत नाही! कापूस वेचताना दिवसभर वाकले तर बाळाला काही होत नाही, आणि सोयाबीनचा कट्टा उचलला तरी नाही. जे काम केल्यावाचून घर चालत नाही ते निर्धोक, आणि ज्याचे पुढे खापर करता येईल तेवढेच घातक. त्यात मुलाच्या बापाने ग्रहणात काय केले, हे तर आजवर एकाही आळीने विचारलेले नाही.

इथवर वाचून शहरातले सुशिक्षित वाचक समाधानाने मान डोलावीत असतील, की बरे झाले, खेड्यातल्या अंधश्रद्धेचा समाचार घेतला. त्यांना इतक्या स्वस्तात सोडण्याचा माझा विचार नाही. पांढऱ्या कोटातही एक ग्रहण आहे. मूल मेलेले निपजले आणि नाळ गळ्याभोवती दिसली, की “नाळेचा फास बसला” असे सांगून प्रकरण मिटवतात. नाळेचा वेढा गळ्याभोवती घेऊन जन्मणारी मुले सुमारे चौथा हिस्सा असतात. चारांत एक! त्यांतली बहुतेक टाहो फोडीत येतात आणि पुढे शाळा बुडवण्याइतकी धडधाकट होतात. हे वाचणाऱ्या कुटुंबात पाच-सहा मुले फटाके उडवीत असतील तर त्यांतल्या एखाद्याच्या गळ्यात जन्मतः वेढा असण्याचा संभव बराच. तेव्हा वेढा दिसला म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. वेढ्याने कधी जीव जातोही. पण तो त्यानेच गेला हे ठरवायला नाळ उघडून पाहावी लागते. न पाहता सांगितलेले कारण जावेने सांगितले काय आणि पदवीधराने सांगितले काय, दोघांचे मोल सारखेच. फरक एवढाच की पदवीधराचे कारण घरी गेल्यावर जावेच्या कारणाला पुरावा म्हणून जोडले जाते: “डॉक्टरबी म्हनले, नाळच गुंतली व्हती.”

आणि पाहायला लागते तरी काय? वार तोलायची, मोजायची, नाळेची लांबी आणि पीळ लिहून ठेवायचा, गाठ आहे का, किती वाहिन्या आहेत ते बघायचे, फॉर्मालिनच्या डब्यात घालून विकृतिशास्त्राच्या जाणकाराकडे द्यायचे. तो तिचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. हे काही चंद्रावर जाणे नव्हे. मृत मुलाच्या शवविच्छेदनाला पुष्कळ आईबाप नको म्हणतात, आणि ते मी समजू शकते. वार तपासायला त्या इवल्याशा देहाला कोणी हातही लावत नाही. ही पाश्चात्यांची चाल आहे असेही कोणी म्हणू नये. आमच्या गावच्या जुन्या सुइणी वार पडली की परातीत घेऊन उलटीसुलटी करून पाहत, एखादा तुकडा आत राहिला तर बाई दगावेल म्हणून. हळदकुंकू लावून ती पुरायची ती त्यानंतर. आधी पाहणे, मग पुरणे. आपण पुरण्याची रीत ठेवली आणि पाहण्याची टाकली.

कारण विचारण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या बाईने नशिबाला बोल लावून देव्हाऱ्यापुढे बसण्याऐवजी समुद्र ओलांडला, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढे मुंबईत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी पाहिले की काही बायकांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पुनःपुन्हा जातो. अशा बाईला आपल्याकडे काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखे नाही. शिरोडकरांनी तिला काहीही न म्हणता तिचे गर्भाशयमुख तपासले, ते अवेळी उघडते असे त्यांना आढळले, आणि तिच्याच मांडीतल्या पट्टीने ते आवळून बांधले. १९५५ साली त्यांनी ही रीत जगापुढे मांडली आणि ‘शिरोडकरांचा टाका’ देशोदेशी गेला. किती बायका त्या टाक्याने आया झाल्या, आणि किती जणींच्या माथ्यावरचा कलंक त्याने पुसला!

मला ठाऊक आहे की नाळेतल्या गुठळीवर असा टाका नाही. ती झाल्याचे बहुधा आधी कळतच नाही. क्वचित सोनोग्राफीत दोनांपैकी एक रोहिणी दिसेनाशी होते तेव्हा संशय येतो. म्हणूनच मला नेहमी विचारतात, कारण कळून गेलेले मूल परत येते काय? येत नाही. पण पुढले मूल यायचे असते. आईला मधुमेह होता हे आधी कोणाच्या लक्षात आले नसेल तर पुढल्या खेपेला तो वेळेवर आवरता येतो. रक्ताचा दोष सापडला तर त्यावर औषध आहे. आणि काहीच न सापडता नुसता पीळच सापडला, तर तो सहसा पुन्हा तसाच पडत नाही, एवढा धीर तरी देता येतो. शिवाय एक बाई रात्री झोपू शकते, हा फायदा कोणत्या वहीत लिहायचा? कात्रीची आठवण काढून आमची ती पोर वर्षभर झोपली नाही. दुसरी सोयरीक पाहण्याची भाषाही घरात झाली होती.

सरकारबद्दल थोडक्यात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृतजन्माचीही नोंद सांगितलेली आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने तर ‘मूल’ या शब्दातच मेलेले जन्मलेले मूल धरले होते. म्हणजे समाजाने न मानलेले मूल कायद्याने मानले. २०१४ च्या नवजात बालकांसाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृतजन्मांचे प्रमाण हजारी दहाच्या खाली आणण्याचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूची कारणमीमांसा कशी करावी ते लिहून दिले. कागद उत्तम आहेत. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मुले मेलेली जन्मली. इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबराच्या आरंभी शेजारच्या नांदेडला चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती, तेव्हा सारे राज्य हादरले, आणि हादरायलाच हवे होते. पण जी मुले जन्माच्या आदल्या दिवशी जातात त्यांची बातमी होत नाही. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने २००१ साली बालमृत्यूंची नोंद किती अपुरी होते ते महाराष्ट्राला दाखवले. पानगळीची ती गोष्ट; कळीच फुटण्याआधी झडली तर तिचा हिशेब कोणी ठेवायचा?

हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्यात विकृतिशास्त्राचा विभाग आलाच. माझी मागणी फार लहान आहे. जिल्ह्यात कोठेही मूल मेलेले जन्मले, मग ते सेनगावला असो, औंढ्याला असो की कळमनुरीला, त्याची वार आणि नाळ तिथे पोहोचावी, तपासली जावी, आणि अहवाल आईच्या हाती मराठीत पडावा. मराठीत, कारण ट्रंकेतल्या इंग्रजी कागदाने कोणाचे तोंड बंद होत नाही, हे मी पाहिले आहे. त्या हट्टी डॉक्टरीणबाईंनी जे एका पोरीसाठी स्वतःच्या हिमतीवर केले, ते नियमाने व्हावे, एवढेच.

तोवर घरोघरच्या सासूबाईंना एक विनंती. दिवस भरत आले की बाळ शांत होते, हे वाक्य आपल्या जिभेवरून कायमचे उतरवा. जागा कमी पडते म्हणून त्याच्या हालचालीची तऱ्हा बदलते. हालचाल कमी मात्र होत नाही. ती कमी वाटली तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गेल्याने सर्वच मुले वाचतील असे मी म्हणत नाही, काही वाचतील. ग्रहण पाळायचे तर खुशाल पाळा, सुनेला तेवढीच दोन तास विश्रांती मिळते. पण तिने “बाळ हलत नाही” म्हटले तर पंचांग मिटवा आणि गाडी काढा.

आणि भाऊबीज जवळ आली आहे. ज्या भावाच्या बहिणीचे मूल असे पोटात गेले असेल, त्याने ओवाळून झाल्यावर तिच्या सासरच्या मंडळींना पाटावरूनच विचारावे की वार तपासली होती का. होती म्हणाले, तर कागद मागून घ्यावा आणि सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. नव्हती म्हणाले, तर त्या घरात ग्रहणाचे नाव पुन्हा निघू नये, असे सांगूनच पाटावरून उठावे.